आकडा राहू द्या, सरासरी नको

व्हिडिओ गेमच्या परीक्षणाखाली गुण छापावेत की नाहीत, हा वाद जुना आहे आणि अजून मिटलेला नाही. आमच्या नागपुरातल्या मित्रमंडळींत एखादा मोठा गेम आला की तो हमखास उकरून काढला जातो. एका बाजूचे म्हणणे असे, की कन्सोलच्या नव्या गेमला पाच हजारांच्या घरात पैसे मोजावे लागत असतील, तर आधी खेळून पाहिलेल्या जाणकाराने एक आकडा सांगितला तर बिघडले कुठे? दुसरी बाजू म्हणते, की चाळीस-पन्नास तासांचा अनुभव दोन अंकांत कोंबणे हाच मुळात अन्याय आहे. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. आकड्याला माझा विरोध नाही. समीक्षकाने स्वतःच्या नावाने दहापैकी सात गुण दिले, तर ते एका माणसाचे मत असते. त्याच्याशी भांडता येते, आणि त्याची आवडनिवड ठाऊक असेल तर त्या सातांचे आपल्यापुरते पाच किंवा नऊही करून घेता येतात. माझा विरोध आहे तो असे साठ-सत्तर जणांचे आकडे एकत्र ढवळून काढलेल्या सरासरीला. सरासरीला तोंड नसते. ती एवढी का आली, हे तिला विचारता येत नाही.

ही सरासरी आपल्या व्यवहारात किती खोल शिरली आहे, याचा नमुना सीताबर्डीच्या बाजारात पाहायला मिळतो. तिथल्या एका गल्लीत वापरलेल्या डिस्क घेणारे आणि विकणारे छोटेसे दुकान आहे. डिस्क हातात आली की दुकानदार ती बोटांच्या टोकांवर कडेने धरतो, ट्यूबलाइटखाली तिरपी करून चरे पाहतो, मधल्या छिद्राभोवती तडा गेला आहे का हे नखाने चाचपतो, आणि एवढी तपासणी झाल्यावर भाव मात्र मोबाइलवर मेटाक्रिटिक हे अशी सरासरी छापणारे संकेतस्थळ उघडून सांगतो. "भाऊ, हा नव्वदच्या वरचा आहे, यात कमी-जास्त नाही होणार." डिस्क तो स्वतःच्या डोळ्यांनी पारखतो, पण किंमत दूर कुठेतरी मांडलेल्या हिशेबावरून ठरते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईकच तो आकडा पाहून दुकानात शिरते.

मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ 2001 साली सुरू झाले. निरनिराळ्या प्रकाशनांची परीक्षणे गोळा करायची, प्रत्येकाचे गुण शंभरपैकी करून घ्यायचे आणि त्यांची भारित सरासरी छापायची, ही त्याची रीत. भारित म्हणजे काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन आणि काहींच्या मताला कमी. पण कोणाला किती, हे जाहीर केले जात नाही. गुण शंभरपैकी करून घेण्यातही गंमत आहे. पाचपैकी चार ताऱ्यांचे ऐंशी झाले, इथवर ठीक आहे. मात्र एखाद्या प्रकाशनाने अक्षरांत श्रेणी देताना 'बी मायनस' दिली, तर तिचे तिथे सदुसष्ट होतात. श्रेणी देणाऱ्याच्या मनात 'उणिवा आहेत, पण गेम बरा आहे' एवढेच असते आणि बेरजेत मात्र तो गेमला खाली ओढणाऱ्यांत जमा होतो. शिवाय एखाद्या प्रकाशनाने आपले गुण पुढे बदलले, तरी तिथे पहिलाच आकडा धरला जातो. 2013 साली आलेला सिमसिटी हा गेम इंटरनेटशी सतत जोडलेला राहिल्याशिवाय चालत नसे, आणि प्रदर्शनाच्या दिवसांत त्याचे सर्व्हर कोलमडले. तेव्हा पॉलिगॉन या गेमविषयक संकेतस्थळाने आपले साडेनऊ गुण आधी आठवर, मग चारवर आणले आणि शेवटी साडेसहावर नेले. चारही आकडे त्या त्या दिवसापुरते प्रामाणिक होते, असे मला वाटते. सरासरी मांडणाऱ्या यंत्रणेला मात्र असा बदलता प्रामाणिकपणा सोसत नाही.

दुसरी अडचण मोजपट्टीचीच आहे. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत पस्तीस गुणांना विद्यार्थी पास होतो आणि साठाला प्रथम श्रेणी मिळते. गेमच्या गुणपत्रिकेत मात्र सत्तरच्या खाली आकडा गेला, की सुतक पडल्यासारखे वातावरण होते. मेटाक्रिटिकवर चित्रपटाला एकसष्टपासून हिरवा रंग मिळतो. गेमला त्यासाठी पंचाहत्तर लागतात. म्हणजे गेमच्या परीक्षणांतले आकडे मुळातच वर सरकलेले आहेत, हे खुद्द सरासरी काढणाऱ्यांनीही मान्य केले आहे. याला लाच किंवा लाड हे कारण नाही. दरवर्षी हजारो गेम बाजारात येतात, त्यांतले जे काही बरे निघतील असे वाटते तेवढेच परीक्षणासाठी उचलले जातात, आणि उरलेल्यांना शून्यही मिळत नाही, कारण त्यांच्याकडे कोणी पाहतच नाही. त्यामुळे एक ते पाच हे गुण जवळजवळ न वापरताच पडून राहतात आणि सगळी भांडणे सात आणि नऊ यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत होतात.

त्या पट्टीतल्या एका गुणाची किंमत किती असू शकते, हे फॉलआउट: न्यू व्हेगसच्या बाबतीत दिसले. हा गेम ऑब्सिडियन या स्टुडिओने बेथेस्डा या प्रकाशकासाठी तयार केला आणि तो 2010 साली आला. मेटाक्रिटिकवर पंच्याऐंशी गुण मिळाले तर स्टुडिओला बोनस, असा करार होता. मिळाले चौऱ्याऐंशी. ऑब्सिडियनच्या क्रिस अव्हेलोन यांनीच पुढे 2012 मध्ये हे जाहीरपणे सांगितले. आज तोच गेम आपल्या प्रकारातल्या उत्तम गेमांमध्ये गणला जातो, हा भाग सोडून देऊ. मला खटकते ते वेगळेच. ज्या समीक्षकांनी आठ किंवा साडेआठ गुण लिहिले, त्यांपैकी कोणीही पगारपत्रकावर सही करायला बसला नव्हता. वाचकाला सल्ला द्यावा, एवढाच त्यांचा उद्देश होता. वाचकासाठी लिहिलेला आकडा कारखान्यातल्या मजुरीचे माप म्हणून वापरला, तर अन्याय त्या कामगारांवर होतोच, पण समीक्षकावरही होतो, कारण त्यानंतर प्रत्येक गुण लिहिताना त्याच्या हातावर न मागितलेले ओझे येते.

सरासरी कशी दिशाभूल करते, याचे माझे आवडते उदाहरण फुटबॉल मॅनेजर 2009 हे आहे. या गेममध्ये खेळणारा चेंडूला एकदाही लाथ मारत नाही. तो संघाचा व्यवस्थापक असतो. समोर तक्ते असतात, पगाराचे आकडे असतात, कोणाला विकायचे, कोणाला बाकावर बसवायचे याचे निर्णय असतात. आयजीएन या संकेतस्थळाच्या अमेरिकन आवृत्तीने या गेमला दहापैकी दोन गुण दिले आणि त्याच आयजीएनच्या ब्रिटिश आवृत्तीने 9.1. ज्याला फुटबॉलचे वेड नाही त्याच्यासाठी ती कंटाळवाणी हिशेबवही आहे आणि ज्याला आहे त्याची रात्रीची झोप ती उडवते. दोन्ही समीक्षक आपापल्या जागी बरोबरच होते. त्या दोघांची सरासरी साडेपाचच्या आसपास येते, आणि साडेपाच गुणांचा फुटबॉल मॅनेजर जगात कोणीही खेळलेला नाही. 2014 सालच्या एलियन: आयसोलेशनलाही आयजीएनने 5.9 दिले होते आणि पीसी गेमरने शंभरपैकी 93. एकाला जी जीवघेणी ताटकळ वाटली, तीच दुसऱ्याला भीतीची कलाकुसर वाटली. या दोन परीक्षणांतली कोणतीही एक नीट वाचली, तर आपण कोणत्या गोटातले हे कळते. सरासरी वाचून काहीच कळत नाही.

न्याय्यतेच्या दृष्टीने सर्वात वाईट प्रसंग मात्र सायबरपंक 2077 चा म्हटला पाहिजे, आणि त्याची झळ आपल्याकडे अधिक बसली. हा गेम 10 डिसेंबर 2020 रोजी आला. प्रदर्शनापूर्वी समीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती देण्यात आली, आणि स्वतः चित्रित केलेली दृश्ये परीक्षणात दाखवायची नाहीत, अशी अट होती. ताकदवान संगणकांवर खेळून लिहिलेल्या त्या परीक्षणांची सरासरी नव्वदच्या आसपास गेली. पीएस4 (प्लेस्टेशन 4) आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर ज्यांनी तो घेतला, त्यांच्यासमोर मात्र अडखळणारी चित्रे, न उमटलेले चेहरे आणि मध्येच बंद पडणारा गेम आला. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि तो परत आला तो 2021 च्या जूनमध्ये. आता आपली बाजू पाहा. भारतात पीएस5 अधिकृतपणे विक्रीला आले तेच 2 फेब्रुवारी 2021 रोजी. म्हणजे त्या डिसेंबरात नागपुरातल्या सोनीच्या ग्राहकासमोर पीएस4 सोडून दुसरा पर्याय जवळजवळ नव्हताच, आणि ज्या नव्वद गुणांवर भरवसा ठेवून त्याने आगाऊ नोंदणी केली होती, ते गुण त्याच्या यंत्रावरच्या गेमचे नव्हतेच. ब्लूमबर्गच्या वृत्तानुसार गेम बनवणाऱ्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या बोनसलाही नव्वद गुणांची अट होती. एवढा गोंधळ झाल्यावर कंपनीने ती काढून घेतली. निदान तेवढी लाज शिल्लक होती.

इथे आणखी एक गोष्ट मला नोंदवायची आहे, कारण ती परदेशी परीक्षणांत सापडण्याची शक्यताच नाही. मे महिन्यात नागपूरचे तापमान पंचेचाळीसच्या पुढे जाते. खोलीत कूलर असला तरी दुपारी लॅपटॉप इतका तापतो, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग स्वतःच उतरवतो, आणि सॅन फ्रान्सिस्कोत लोण्यासारखा चालणारा गेम इथे धापा टाकू लागतो. जूनच्या तोंडावर वादळी पाऊस आला की लाईट जाते, आणि टीव्हीला जोडलेल्या कन्सोलला बॅटरी नसते. अशा वेळी गेम प्रगती कधी आणि कशी साठवतो, हा शेवटी पाहण्याचा तपशील राहत नाही. तो पहिला प्रश्न होतो. किंगडम कम: डिलिव्हरन्स 2018 मध्ये आला, तेव्हा त्यात हवे तेव्हा सेव्ह करण्याची सोय नव्हती. एक विशिष्ट मद्य विकत घेऊन किंवा तयार करून प्यायचे, नाही तर पलंग शोधून झोपायचे. तेव्हाच, किंवा मोहिमेच्या ठरावीक टप्प्यांवर आपोआप, प्रगती साठवली जायची. खेळाडूने निर्णयाची जोखीम अनुभवावी, हा त्यामागचा हेतू होता, आणि हेतू म्हणून तो मला आवडतोही. इन्व्हर्टर नसलेल्या घरात मात्र ही जोखीम गेमच्या निर्मात्याने ठरवलेली राहत नाही. ती ट्रान्सफॉर्मर ठरवतो. जंगलातून तासभर चालून गेलेला तुमचा हेन्री, म्हणजे गेमचा नायक, एका झटक्यात मागच्या गावात परत उभा असतो. गेम बंद करताना सेव्ह करण्याची सोय पुढे एका अपडेटमध्ये आली, पण लाईट जाताना निरोप घेऊन जात नाही. अनेक समीक्षकांनी सेव्हच्या या पद्धतीवर लिहिले होते, हे खरे. पण त्यांच्या लेखी तो काही गुण कमी करणारा दोष होता, आमच्या लेखी तो गेम घ्यायचा की नाही याचा निकाल होता. आणि सरासरीच्या आकड्यात तो संवादांच्या, चित्रांच्या आणि संगीताच्या गुणांत मिसळून दिसेनासा झाला.

समीक्षकांचे सोडा, खेळणाऱ्यांनीच दिलेले गुण खरे, असे मानणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे. मला तो विश्वास फारसा पटत नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खेळाडू फक्त अंगठा वर किंवा खाली करतो आणि त्यावरून टक्केवारी निघते. पंचाण्णव टक्के म्हणजे शंभरपैकी पंचाण्णव गुण, असे अनेकजण समजतात. तसे ते नाही. सगळ्यांना 'ठीक आहे, वेळ बरा गेला' असे वाटलेल्या गेमला पंचाण्णव टक्के मिळू शकतात आणि निम्म्या लोकांना आयुष्यभर लक्षात राहील असा वाटलेला, पण उरलेल्यांना न झेपलेला गेम पन्नासावर अडकतो. झुंडीचा राग हा तर वेगळाच विषय आहे. द लास्ट ऑफ अस पार्ट टू 2020 च्या जूनमध्ये आला, त्याच दिवशी मेटाक्रिटिकवर वापरकर्त्यांच्या शून्य गुणांचा पाऊस पडला, तोही एवढ्या लवकर की एवढा लांब गेम पूर्ण करणे कोणालाच शक्य नव्हते. त्यानंतर नव्या गेमला वापरकर्त्यांनी गुण देण्यासाठी छत्तीस तास थांबावे, असा नियम आला. आणि आपण भारतीयांनी या बाबतीत कोणाकडे बोट दाखवू नये. 2017 मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाच्या कथित उद्गारांवरून राग आला, तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी स्नॅपडीलला एक तारा देऊन टाकला. नाव थोडेसे सारखे होते, एवढाच त्या बिचाऱ्या कंपनीचा अपराध.

आपल्या मातीतल्या गेमचे परीक्षण बाहेरचा माणूस कसे करतो, हाही न्याय्यतेचाच भाग आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक हा गेम 2020 मध्ये आला. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर हल्ला करतात, धाकट्या भावाला पळवून नेतात आणि बहीण त्याला सोडवायला निघते, अशी गोष्ट. परदेशी परीक्षणांत चित्रांचे, वास्तूंचे आणि संगीताचे कौतुक झाले, त्यात नवलाईचाही वाटा होता, आणि लढाईतला बोजडपणा व अचानक आटोपलेला शेवट यांवर टीका झाली. टीका मला रास्त वाटली. नवलाईचे गुण मात्र आपल्याकडच्या वाचकाने वजा करावेत, कारण दुर्गा आणि असुर आपल्याला नवे नाहीत. आणि त्याच वेळी, कोणाला समजावून न सांगता थेट काळजाला भिडणाऱ्या त्या राखीचे गुण मिळवावेत, जे परक्या समीक्षकाला देता येणे शक्यच नव्हते. ही वजाबाकी-बेरीज ज्याची त्याने करायची असते. ती करायला परीक्षणातली वाक्ये लागतात, आकडा पुरत नाही.

समीक्षक विकले गेलेले असतात, हा आरोप मी फार ऐकतो आणि त्यातला बराचसा आळसातून येतो. तो अगदी निराधार नाही. 2007 मध्ये केन अँड लिंच या गेमला सहा गुण देणाऱ्या जेफ गर्स्टमन यांना गेमस्पॉटने काढून टाकले. गेमच्या प्रकाशकाची जाहिरात त्याच संकेतस्थळावर झळकत होती, आणि त्या परीक्षणावरून आलेल्या दबावाबद्दल गर्स्टमन 2012 मध्ये उघडपणे बोलले. पण असे प्रसंग विरळा असतात. रोजचा दोष पैशाचा कमी आणि वेळेचा अधिक असतो. ऐंशी तासांचा गेम आठवडाभर आधी हातात पडतो, ठरलेल्या मुहूर्तावर सगळ्यांची परीक्षणे एकदम झळकायची असतात, आणि जो उशीर करतो त्याला वाचक मिळत नाही. जेवण सोडून धावत खेळलेला गेम आणि आपण ऑफिसातून आल्यावर रात्री तासभर खेळलेला गेम एकच नसतो. परीक्षण कोणत्या यंत्रावर, किती तास खेळून आणि गेम पूर्ण करून लिहिले की नाही, एवढे वर स्पष्ट छापले, तरी न्याय्यतेचा निम्मा प्रश्न सुटेल.

गुण पूर्ण बंद करून पाहणारेही झाले. युरोगेमर या संकेतस्थळाने 2015 मध्ये गुण सोडले आणि 'अत्यावश्यक', 'शिफारस', 'टाळा' अशा अर्थाचे शिक्के सुरू केले. 2023 मध्ये ते पाच ताऱ्यांकडे वळले. काही लोकांना ही माघार वाटली, मला नाही वाटली. शिक्का हाही शेवटी आकडाच असतो, फक्त तो मोजता येत नाही. वाचकाला निवाडा हवा असतो, आणि तो द्यायला समीक्षकाने लाजू नये.

माझ्या भाच्याला हे सगळे ऐकवले, तेव्हा त्याचे उत्तर तयार होते. "मामा, तुमचं बरोबर आहे, पण दर गेमची दहा-दहा परीक्षणं कोण वाचणार? सरासरी पाहिली की दोन सेकंदांत काम होतं." त्याचा मुद्दा खोटा नाही, आणि इंजिनीअरिंगच्या परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाला वाचनाचा उपदेश करण्यात हशील नाही. मी त्याला एवढेच सांगितले, की मेटाक्रिटिक उघडतोसच तर तो मोठा आकडा सोडून खाली जा आणि ज्याने सर्वात कमी गुण दिले त्याचे परीक्षण उघड, मात्र त्याने गेम शेवटपर्यंत खेळलेला असला पाहिजे. चांगल्या परीक्षणांत सगळे साधारण सारखेच लिहितात. तक्रार मात्र प्रत्येकाची वेगळी आणि नेमकी असते. त्याने फुटबॉल मॅनेजरसारखी 'नुसते तक्तेच आहेत' अशी तक्रार केली असेल आणि तुला तक्ते आवडत असतील, तर ते दोन गुणच तुझ्यासाठी शिफारस आहेत. त्याने किंगडम कमसारखी सेव्हची तक्रार केली असेल, तर आधी घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी कधी बदलली होती ते बाबांना विचार.